भवानी

क्रू स्टेशनात गाडी बावीस मिनिटं उशिरा.
बाक ओला आहे, म्हणून उभीच राहते.
खांद्यावरच्या पिशवीत पावतीपुस्तक, कार्बन कागदाचं.
असं आता कुणी छापत नाही.
डडलीचा एक म्हातारा छापतो, माझ्यापुरतं.

बासष्टाव्या वर्षी कारखाना विकला
तेव्हा सगळे म्हणाले, आता बागकाम कर.
बागेतलं मला काही कळत नाही.
कळतं ते एवढंच,
की ताळेबंदात माणूस कुठे खोटं बोलतो
आणि कुठे नुसताच घाबरलेला असतो.
म्हणून सोमवारी हल, बुधवारी कार्लाईल,
शुक्रवारी बॅरो, जिथं समुद्र रुळांपर्यंत येतो,
काहीतरी विचारायचं असल्यासारखा,
आणि न विचारताच मागे जातो.

हलला इब्तिसाम. शाळेचे गणवेश शिवते.
हिशेब तोंडपाठ, पण किंमत सांगता येत नाही.
बारा पाऊंड, म्हणते, आणि लगेच जमिनीकडे बघते,
जणू तिथून कुणी दहा म्हणणार आहे.
दोन तास आम्ही एवढाच सराव केला :
बारा म्हणायचं. मग गप्प बसायचं.
गप्प बसणं तिला फार जड गेलं.

कार्लाईलचा ग्रेगर मधमाश्यांच्या पेट्या करायचा.
सांधे असे, की सुरीचं पातं शिरू नये.
त्याला मी धंदा बंद करायला सांगितलं.
सहा महिने बोलला नाही.
मग एक पोस्टकार्ड : नोकरी लागली, झोपही लागते.
याला वाढणं म्हणायचं का?
मी म्हणते.

भेटीमागे एक पाऊंड घेते, पावती देते.
हसतात. मिस कॅसनिस, यात चहासुद्धा येत नाही!
खासनीस, असं सांगणं मी कधीच सोडून दिलंय.

ही खोड होरेस ट्रँटरची.
विलनहॉल, ब्याण्णव साल.
माझं पहिलं दुकान बुडालं
तेव्हा जप्तीवाल्यांनी किटलीसुद्धा यादीत लिहिली,
आतलं कोमट पाणी तेवढं सोडून.
ट्रँटरच्या कुलपांच्या कारखान्यात एक बाकडं रिकामं होतं.
भाडं, आठवड्याला एक पाऊंड.
फुकट द्या असं मी म्हटलं नव्हतं,
पण डोळ्यांत असावं.
म्हणाला, फुकट बसलीस तर पाहुणी होशील,
आणि पाहुण्याच्या चुका कुणी दाखवत नाही.

मग दाखवल्या त्यानं. अकरा वर्षं.
कानस कशी धरायची इथपासून
कुठलं गिऱ्हाईक हसत घालवायचं इथवर.

माझं पहिलं कुलूप विकलं गेलं त्या सकाळी
मी नाणं कपाळाला लावलं.
तो बघत राहिला. भवानी, म्हटलं.
बव्हॅनी, बव्हॅनी, असं दोनदा पुटपुटला,
आणि पुढे त्याच्या वहीत माझं भाडं
याच नावानं लागत गेलं,
त्याच्या वाकड्या अक्षरात, त्याहून वाकड्या स्पेलिंगमध्ये.

आता माझ्या ओट्यावर एक बरणी असते.
तळाशी गोल पाऊंड, वर बारा कोनांचे.
गोल नाणी दुकानात चालत नाहीत.
बँक घेईल म्हणतात.
राहू देत.

फोन वाजतो. इब्तिसाम.
दोनशे गणवेशांची ऑर्डर आहे, सोमवारी येऊ नका.
बरं, मग संध्याकाळी येते, मी म्हणते.
नको, ती म्हणते.
आणि गप्प बसते.

फलाटावर मी तशीच, फोन कानाला लावून.
पुढचं काहीतरी मीच बोलायला हवं
आणि मला सुचत नाही.
इतकं चांगलं शिकवलं होतं मी?

गाडी आली.
बॅरोला आज नवीनच कुणी मुलगी आहे,
समुद्राच्या शेवाळाचं लोणचं घालते म्हणे.
मुळातच खारट म्हणून मीठ कमी घालत असणार.
ते आधी बघायला हवं.
आजची भवानी अजून व्हायची आहे.